पयस्विनीचा चीक

ता. ६ जानेवारी, सकाळ
खरवसात जायफळ कमी पडले. संस्कृतीचा ऱ्हास असा वाटीवाटीने होत असतो. सौ. अनसूयेला सौम्य शब्दांत सांगितले. ती म्हणाली, पुढच्या वेळी तुम्हीच किसा.

बाकी मंगल. काल आमच्या कोऱ्हाळ्याच्या गोठ्यात गाय व्यायली. कालवड. नाव ठेवले पयस्विनी. गोठा सांभाळणारी साखरबाई तिला नुसतं पोरगी म्हणते. पहिला चीक सगळा काढून बारामतीला आणला, सात घरी खरवस पोहोचवला. साखरबाई अडवत होती, आधी लेकराला पोटभर पाजा की तात्या, खरवस काय पळून जातोय व्हय? तिला समजावले: चीक जड, कोवळ्या पोटाला बाधतो. पयस्विनीला चमचाभर दिला. संयम लहानपणीच शिकवावा.

ता. ७, दुपार
पेपरातल्या माझ्या सदरासाठी लेख: 'नवजात वासराची निसर्गदत्त प्रतिकारशक्ती'. रक्तात जंतू शिरले की यकृत आणि प्लीहा त्यांना टिपून गिळतात. सबब मालकाने लुडबुड करू नये. सुंदर उतरला. ग्रुपवर अकरा अंगठे.

ता. ८, सकाळ
पयस्विनी पीत नाही. कान गार, बेंबी सुजलेली. ध्यानस्थ वाटते. साखरबाईला म्हणालो, प्लीहा कामाला लागली आहे. ती म्हणाली, ती लागू द्या, तुमी डॉक्टरबाईस्नी फोन लावा. उद्या लावायचे ठरवले. तिने आजच लावला. शिस्त म्हणून राहिलेली नाही.

संध्याकाळ
डॉ. सुप्रिया आल्या. वय जेमतेम तीस. म्हणाल्या, बेंबीतून जंतू रक्तात गेलेत. इंजेक्शन, सलाइन. चीक किती पाजला, किती तासांत? मी म्हणालो, यथेच्छ. साखरबाई माझ्याकडे बघत होती. मी गाईकडे बघत होतो.

मग डॉक्टरबाईंकडून आमची शिकवणी. वासराला गर्भात आईकडून संरक्षण मिळत नाही. ते चिकातून, तेही पहिल्या काही तासांत. यकृतातल्या पेशी जंतू गिळतात खऱ्या, पण 'हा शत्रू' असा शिक्का चिकातून आलेले घटक मारतात. शिक्का नसेल तर काम रेंगाळते. अगदी तहसील कचेरी. उपमा माझी, लेखात वापरावी.

ता. ९, सकाळ
उतार नाही. कारणे: उत्तरेचा वारा; गोठ्याचे दक्षिणमुख; इंजेक्शनची कंपनी. आता तिचे गुडघेही सुजले. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, भरपूर चीक प्यायलेलं वासरू इतकं खचत नाही, नवल आहे. मी म्हणालो, नवलच.

दुपार
साखरबाई म्हणाली, तुमी सांगताय का मी सांगू? फोन केला. खरे सांगितले. डॉक्टरबाई म्हणाल्या, काल बोलला असतात तर कालच मोठ्या गाईचं रक्त चढवलं असतं, त्यात हे तयार घटक असतात. येते मी.

रक्त चढवले. जगेल का, विचारले. सांगता येत नाही, म्हणाल्या.

पयस्विनीची मान साखरबाईच्या मांडीवर आहे. एक अख्खा दिवस मी लाजेपायी घालवला. तेवढ्याने ती गेली तर, याची मला भीती वाटते.