ऑपरेशन की नुसता शेक

सोम., १२ जाने.
मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. रिपोर्ट आला. कॅन्सरच. खालच्या हिरडीतून हाडात गेलाय, मानेत गाठ. दोन रस्ते. ऑपरेशन : डावा जबडा काढायचा, पायाचं हाड लावायचं, मग शेक, म्हणजे रेडिएशन. नाहीतर नुसता शेक आणि केमो : चेहरा राहील, पण हाडातलं पुरतं जाईलच असं नाही. त्यांचं मत ऑपरेशन.
"बोलता येईल?"
"येईल. आधीसारखं नाही. पुढच्या मंगळवारी सांगा."
कोपरीला घरी आलो. यांनी कुलूप उघडलं, चावी त्यालाच ठेवून आत गेले.

मंगळ., १३
मिशेरीची डबी टाकली. वास आला नि एकदम वागळे इस्टेट. तिथे औषधांच्या कंपनीत गोळ्या पॅक करायचो. दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्यात ओळीने बसून हिरड्या घासायच्या. शकू तंबाखू तव्यावर भाजून आणायची, काळीभोर. सुपरवायझर ओरडायचा, "बायांनो, गोळ्यांना वास येतो!" तोंड भरलेलं, उत्तर कोण देणार? नुसतं हूं हूं करत हसायचो. तसं हसू परत कुठे आलं नाही. विष होतं ते. कळतंय. तरी...

शुक्र., १६
प्रणाली आली डोंबिवलीहून. "आई, नेटवर वाचलं. नुसत्या शेकाने बरी झालेली माणसं आहेत."
हे म्हणाले, "त्यांचं घशाचं असेल. हिचं हाडात आहे." यांनी कधी वाचलं एवढं?
मग दोघं किचनमध्ये जाऊन हळू आवाजात भांडले. मला ऐकू जाऊ नये म्हणून. घर ते केवढं!
पोरीला माझा चेहरा हवाय. मलाही.

रवि., १८
लोकलने दिवा स्टेशनला, शकूकडे. तिचं जबड्याचं ऑपरेशन मागेच झालंय. पाणी आलं नव्हतं, जिन्यात हंडेच हंडे.
"जयभीम. ये गं." शब्द गोल गोल, पण कळतात. एक गाल आत गेलेला. मी भिंतीकडे बघत बसले.
"बघून घे नीट. मग चहा पिऊ."
बघितलं. हातही लावू दिला तिने.
भात कालवून खाते. शेकाने लाळ सुकली, पाण्याची बाटली सोबत लागते. तिखट बंदच. "कर असं मी सांगणार नाय. पहिले काही महिने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलेला मी." मग थांबली, आणि त्या वाकड्या तोंडाने सुपरवायझरची नक्कल केली. "बायांनो..." पुढचं दोघींनाही बोलता येईना. हसताना माझी हिरडी ठणकली.
निघताना हात सोडेना.

मंगळ., २०
सांगून आले. ऑपरेशन.
प्रणाली बाहेर जाऊन रडली. हे फाईल छातीशी धरून बसलेले. किती काढावं लागेल ते आत गेल्यावरच नक्की कळेल म्हणे. मानेतल्या गाठींचंही तेच.

रवि., २५
उद्या भरती.
प्रणाली बॅग भरतेय, परत उपसतेय. शकूचा फोन : "स्कार्फ घे. गार असतं वॉर्डात."
यांनी स्वतः खिचडी केली. लग्नानंतर पहिल्यांदा. पातळ, गार करून, ताट माझ्यासमोर ठेवून बसले.
"कशी झालीय?"
"छान," म्हटलं. मग वाटलं, नीट बोलता येतंय तोवर खरं बोलावं.
"मीठ नाहीये अजिबात."
हे हसले. मीठ आणायला उठले, ते किचनमध्येच उभे राहिले कितीतरी वेळ.