दासगावची हिरवी गाडी

२ नोव्हेंबर, रविवार

दासगावला जाऊन गाडी बघून आले. सु.ला फोनवर म्हटलं, नुसती बघायला गेले होते. नवरा मुंबईत बसला असला तरी माझं खोटं त्याला बरोबर कळतं. म्हणाला, "रंग कुठला?"

गर्द हिरवा. दोनच दारं, गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. आता असली गाडी आपल्याकडे दुसरी दिसायची नाही. मालक अण्णा, सत्तरी ओलांडलेले. सावित्री नदी चढायला लागली की आधी गाडी हायवेवर नेऊन उभी करायचे, मग घरातलं सामान माळ्यावर टाकायला परत यायचे. हे काकूंनी, त्यांच्या बायकोने, सांगितलं. अण्णा हसले, काकू हसल्या नाहीत.

अट अजबच. पैसे नकोत. "तुमची पांढरी मला द्या, ही तुम्ही न्या. या वयात पैसे खिशात घालून मी गाडी हुडकत कुठे फिरू?"

आमची पांढरी! दिसायला साबणाच्या वडीसारखी, पण एकदाही रस्त्यात बसली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोलादपूरला शाळा सुटली. वर वाडीत येताना गाडीत वाडीतली माणसं, मी धरून सहा; या वेळी कुणाच्या मांडीवर सिमेंटचा पत्रा नव्हता एवढंच. एकीने मागून माझ्या खांद्यावरून हात घालून गाणं बदललं.

वाडीत चारचाकी ही एकच. सासऱ्यांनी पद्धत घालून दिली ती अजून चालू आहे: गाडी तोंड उताराकडे करून लावायची आणि चावी पडवीतल्या खिळ्यावर. कुणाला केव्हा महाडला दवाखान्यात न्यावं लागेल सांगता येत नाही. ज्याला चालवता येते त्याने न्यावी, नाहीतर "बाई, येता का जरा?" आणि बाई जातात. वही तपासता तपासता जातात, ताटावरून उठून जातात.

माझी काही तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते. आहे. चांगली आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णांचा फोन. आठवडाभर अदलाबदल करून बघू, जमलं तर कागद. हो म्हटलं. सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, म्हणाल्या, "बघ बाय. तुला चालवायचीय." हा होकार की नकार, इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पांढरी दासगावात सोडली, हिरवी घेतली. चोक ओढायचा, थोडं थांबायचं, मग चावी. तरी लागली तर लागली. अण्णांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि आत निघून गेले.

सरळ घरी यायचं ते पाचाडच्या रस्त्याला लागले. कारण काही नाही. चढावर गाडी तापली. बॉनेट उघडून दगडावर बसले, खाचरांत कापणी चालली होती ती बघितली. मग पाचाडला पिठलं-भाकरी खाल्ली, एकटीने. शेजारच्या सीटवर फक्त माझी पर्स. कुणी "जरा इथे थांबवा" म्हणालं नाही. इतकं बरं वाटलं की घाबरले.

१० नोव्हेंबर, सोमवार

वाडी गाडी बघायला लोटली. "शूटिंगची हाय काय?" "दारं दोनच? मागच्यानं उतरायचं कसं?" शाळेला निघाले तेव्हा मात्र कुणी बसायला आलं नाही.

चावी खिळ्यावर लावली नाही. पर्समध्ये. हिचा चोक दुसऱ्याला जमायचा नाही, असं मनाला सांगितलं.

सासूबाई संध्याकाळी, "चावी कुठं ठेवलीस गो? खिळा मोकळा हाय."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या गंगाकाकीच्या हाताला प्लास्टर! परवा गोठ्यात घसरली. मनगट मोडलं. पदराने हात गळ्यात बांधून खाली रस्त्यापर्यंत चालत गेली, तिथून एस.टी.ने महाडला. मी त्या वेळी घरात होते. चहा पीत होते!

भांडायलाच गेले. "मला हाक का नाही मारलीस?"

"तुमची ती गाडी नखरं करते ना बाई. आन् चावी पन नव्हती खिळ्याला. म्हटलं, बाईंना नसंल द्यायची. कशाला तरास?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. वर तिने एका हाताने मला चहा करून दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सु. आला. वीर स्टेशनवर आणायला गेले, तर परत निघताना गाडी ढिम्म. रिक्षावाल्यांनी ढकलली. घाम पुसत सु.ने विचारलं, "हिच्यात आहे काय असं?"

सांगून टाकलं. आवडली हे खरंच. पण ही बेभरवशाची आहे म्हणूनही हवी आहे. हिला कुणी मागणार नाही. पांढरी असेपर्यंत मी वाडीची ड्रायव्हर. नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही, तर गाडीनेच नाही म्हणावं.

तो हसेल वाटलं. हसला नाही. म्हणाला, "मग उद्या कागद करून टाक." हे मला नको होतं. त्याने अडवायला हवं होतं, म्हणजे त्याच्यावर चिडता आलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दार उघडलं तर हिरवीचं तोंड उताराकडे. चाकांना दगड लावलेले. रात्री मी घराकडे तोंड करून लावली होती, मुद्दाम. गिअरमध्ये टाकायची राहिली असणार.

अंगणात वाडीतले सात-आठ जण, गंगाकाकी प्लास्टर घेऊन पुढारी. सु.ने त्यांना काल वीरची हकिगत सांगितली म्हणे.

"ढकलून फिरवली बाई. उतारावर सोडली की लागंल. नाय लागली तर आमी हाव की धक्क्याला! तुमी आपलं स्टेरिंग धरा."

हसावं की डोकं आपटावं. जिच्यामुळे सुटेन म्हणून आणली तिलाही यांनी वाडीत घेतलं. रागही आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. घरात निघून गेले.

दुपारी ठरवलं: हिरवी परत करायची. असल्या गाडीत घालून उद्या कुणाला न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. अण्णांना फोन करणार तोच काकूंचा आला.

"बुधवारी मला दम लागला हो. पांढरी एका चावीत सुरू झाली, वेळेवर दवाखान्यात पोचले. मागे हिरवीत घालून न्यायला निघाले होते, तर मी आत तळमळतेय आणि हे बॉनेट उघडून उभे. त्यानंतरच विकायचं मनावर घेतलं यांनी. तुम्हाला बोलले नसतील." मग आवाज बारीक करून, "कागद आणताय ना आज?"

"बघते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पांढरी त्यांनाही लागते, वाडीलाही.

संध्याकाळ झाली. गेले नाही. पांढरीचे कागद पिशवीत घालून हिरवीच्या पुढच्या सीटवर ठेवलेत, माझ्या पर्सच्या जागी. चावी मघाशी खिळ्यावर लावून टाकली. तेव्हापासून सासूबाई दोनदा पडवीत जाऊन ती बघून आल्या.