फ्रान्समधली "आई गं"

शेवंते,

तुला, आणि मालाडचे जिने चढणाऱ्या तुझ्या गुडघ्यांना ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. घोटा तेवढा सुजलाय.

तुझे ल्युसियाँ भावजी गेल्यापासून खेड्यातल्या या घरात मी एकटीच. परवा जिन्यावरून पडले, "आई, आई" ओरडत राहिले. शेजारच्या म्हातारीने ऐकलंही. पण इथे जरा चटका बसला तरी सगळे "आय, आय" म्हणतात. तिला वाटलं, माझं बोट भाजलं. मदतीला इथे काय ओरडायचं, ते चाळीस वर्षं येतंय मला. नेमकं तेव्हाच आठवलं नाही. संध्याकाळपर्यंत फरशीवर पडून होते.

घर विकून ये म्हणतेस. तुमच्या मधल्या खोलीत माझी कॉट मावेल का गं? मावत नसेल तरी मावेल असंच लिही.

तुझी,
द्रौपदीताई