रेडिओसारखं बोललो

गिल्डफर्ड, मंगळवार

लाडक्या हेट्टीस, थोरल्या भावाकडून,

मी बरा आहे. तुझा रूबेनही बरा दिसतो. तुझा खोकला कसा आहे?

आज माझी साक्ष झाली. चोरीच्या दुपारी रूबेन माझ्याबरोबर नदीवर मासे धरत होता, एवढंच सांगायचं होतं. पण आपलं डडलीकडचं इंग्रजी ऐकलं की इथले लोक माणसाला मठ्ठ समजतात. घरमालकीण म्हणाली, "आजोबा, कोर्टात असं बोललात तर भाचा आत गेलाच म्हणून समजा!" म्हणून मी रेडिओवर बातम्या देतात तसं बोललो.

सरकारी वकील म्हणाला, "महाशय, पोलिसांपुढे तर तुम्ही डडलीचे होतात. आज हा आवाज कुणाचा उसना आणलात?" निवाडा देणारे बाराच्या बारा जण हसले. घाबरून मी आपल्या बोलीवर आलो, तर आणखीच हसले. रूबेनने मान खाली घातली.

उद्या निकाल आहे. तू येऊ नकोस, गाडीत फार गारठा असतो. काळजीही करू नकोस.

मी शब्दन् शब्द खरा सांगितला गं, हेट्टी. फक्त माझ्या तोंडाने सांगितला नाही.

तुझाच,
जोसाया