पांढरी खूण, पिवळी खूण

३ मार्च, मंगळवार
ताईचा फोन. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २४ तारखेला ठरलं. मोतीबिंदू. डावा डोळा कधीचाच गेलाय, त्यामुळे आहे तो हाच. २५ ला सकाळी दहाला पट्टी निघणार. बाबा म्हणे सगळ्यांना सांगत फिरतायत, पट्टी सुटली की आधी धाकट्याचं तोंड बघणार, मग बाकीचं जग. जग कुठं पळून चाललंय.
ताई म्हणाली, चार वर्षं झाली, आता तरी ये. म्हटलं येतो. म्हणाली, नक्की? म्हटलं नक्की, आणि स्वतःच्या गाडीने. तिकडे भाऊजी हसल्यासारखे वाटले. लाइन खराब असेल.
ठराव : २२ ला पहाटे निघायचं. नऊशे किलोमीटर. मध्ये एक मुक्काम. २३ ला दुपारी दारात.

४ मार्च
गाडी धुतली. एसयूव्ही आहे. एक गिऱ्हाईक आमच्या वर्कशॉपच्या मागे सोडून गेलं ते परत आलंच नाही. तीन वर्षं उभी होती. मालकांनी मला देऊन टाकली, म्हणजे पगारात वळती करून. इंजिन मिस्त्रींनी चालू करून दिलं. बाकी सगळं माझं.
घरी सांगितलंय की मी व्हील डिपार्टमेंटला आहे. खोटं नाही. मी वॉशिंग रॅम्पवर असतो आणि चाकं मीच धुतो.

६ मार्च
आज एक गाडी धुवायला आली. आपल्यासारखीच, पण चाकं बाहेर आलेली. पैलवान उभा राहतो तशी उभी. मालक म्हणाला स्पेसर बसवलेत. म्हणजे हब, चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, आणि चाक यांच्यामध्ये अल्युमिनियमची जाड चकती. चाक तेवढं बाहेर सरकतं. बस एवढंच.
मग आपली गाडी बघितली. चाकं आत चोरून उभी. पाहुण्याच्या घरी खुर्चीच्या टोकावर बसल्यासारखी.
बाबांना आधीच कमी दिसतं. पट्टी काढल्यावर पण दोन दिवस अंधुक असतं म्हणे. गाडी रुंद असेल तर लवकर दिसेल. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मलाच सुचलं.
चार स्पेसर मागवले. तीस एमएम.

८ मार्च, रविवार
मिस्त्रींना सांगितलं. म्हणाले, गाडीचे पाय फाकवून काय मिळणार? म्हटलं रोड ग्रिप. म्हणाले, तुला कोणी सांगितलं? म्हटलं वाचलंय. म्हणाले, तू? कधी? सगळे हसले. मला काही वाटलं नाही.
नंतर एकटा असताना जवळ आले. म्हणाले, हबचा व्यास मोजून आण, चकतीचं भोक अगदी फिट लागतं, शनिवारी दोघं मिळून बसवू. घाई करू नको.
माणूस चांगला आहे. पण शिकवायची सवय वाईट. सातवीला मास्तरांना हीच सवय होती, म्हणून सातवीत मी शाळा सोडली.

१२ मार्च
स्पेसर आले. काय चकाकी. वेल्डरकाकांना दाखवले. ते वर्कशॉपमधलेच, माझे रूमपार्टनर. वय साठच्या आसपास, बोलणं कमी. हातात घेऊन म्हणाले, वजन आहे. परत दिले. झोपले.
एक छोटी अडचण. चकतीचं भोक हबपेक्षा दोन एमएम मोठं. चकती हबवर डुलते. बदलून मागवायला दहा दिवस. म्हणजे जमणार नाही. मिस्त्रींना विचारावं तर ते म्हणणार, मोज म्हणून सांगितलं होतं ना.
उपाय सापडला. रंगाच्या डब्याचं झाकण कापून पत्र्याची पट्टी केली. गोल वाकवून मधल्या फटीत ठोकली. आता डुलत नाही. जवळजवळ.

१४ मार्च, शनिवार
मिस्त्री दुपारी हाक मारत होते. मी रॅम्पखाली होतो. ओ दिली नाही. ऐकू आलं नसेल असं धरलं. ते गेल्यावर चारी चाकं स्वतः बसवली.
आमच्याकडे एक पद्धत आहे. चाक बसवणारा नट आवळतो आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारतो, नटावरून खाली चाकावर उतरणारी. मग दुसरा माणूस टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, एकेक नट तपासतो आणि शेजारी पिवळी रेघ मारतो. पांढरी बसवणाऱ्याची, पिवळी तपासणाऱ्याची. दोन्ही असल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. नट पुढे सैल झाला तर रेघ तुटते, लांबूनच कळतं.
चोवीस नट. पांढऱ्या चोवीस मारल्या. मग थोडा वेळ बसलो. तपासायला कोणी नव्हतं. पाणी प्यालो, परत आलो, दुसऱ्या माणसासारखं बघितलं. सगळं बरोबर वाटलं. पिवळ्या चोवीस मारल्या.
टॉर्क पाना कपाटात होता आणि चावी मिस्त्रींकडे. पण माझा हात म्हणजे पानाच आहे.

१५ मार्च
ट्रायल. दिसायला तोड नाही. पानाच्या टपरीवरचा एक माणूस वळून बघत राहिला. कदाचित आवाजामुळे.
साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. रस्ता खराब आहे. दुसऱ्या रस्त्याने गेलो. तोही खराब. शहरातले सगळेच रस्ते गेलेत.
उजवीकडे पूर्ण वळलं की टायर मडगार्डला घासतो. पण तीन वेळा डावीकडे वळलं की माणूस उजवीकडेच जातो. वेळ थोडा जास्त.

१७ मार्च
बाबा स्वतः फोनवर. असं होत नाही. म्हणाले, किती वाजता पोचतोस? म्हटलं २३ ला दुपारी. म्हणाले, गाडी लावायला शेजाऱ्यांना सांगून जागा मोकळी करून ठेवलीय. म्हटलं जरा जास्त जागा ठेवा, गाडी रुंद आहे. म्हणाले, किती रुंद? म्हटलं बघालच. म्हणाले, हो, आता बघायचंच आहे सगळं.
मग त्यांनी जेवलास का विचारलं. सकाळचे दहा वाजले होते. म्हटलं हो.

१९ मार्च
रजा मंजूर. मालक म्हणाले, गाडीने जाणार? मिस्त्रींनी तपासलीय ना? मी म्हटलं, तपासलीय. कोणी ते त्यांनी विचारलं नाही, मी पण घुसडलं नाही.
वेल्डरकाका संध्याकाळी चहा करताना म्हणाले, ट्रेन चौदा तासांत सोडते. म्हटलं, काका, ट्रेन दारात उभी राहत नाही. म्हणाले, बापाला ट्रेन बघायचीय का? हे त्यांचं महिन्याभराचं बोलणं एका दिवसात झालं.

२१ मार्च
मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापून टाकलं. आता घासत नाही, कमी घासतं. थरथर तशीच. सवय झाली. थरथर नसेल तर उलट भीती वाटेल.
उद्या पहाटे चार.

२२ मार्च, रविवार
निघालो नाही. मुद्दाम. कारणं : गाडी पॉलिश करायची राहिली होती. दारात धुळीने भरलेली गाडी नेणं बरं नाही. शिवाय उद्या निघून सलग चालवली तर परवा पहाटे पोचतो. ऑपरेशनच्या आधीच. तोच दिवस झाला ना.
ताईला कळवलं. ती फक्त बरं म्हणाली. दोनदा.

२३ मार्च, सकाळी ६
निघालो. वेल्डरकाकांनी पाण्याची बाटली दिली. चाकांकडे बघत उभे राहिले. त्यांना गाड्यांतलं कळत नाही.

सकाळी ८.१०
पेट्रोल पंप. नव्वद किलोमीटर झाले. स्पेसरच्या खोक्यावर लिहिलं होतं ऐंशी किलोमीटरला थांबून सगळे नट परत आवळा. ते नवख्या लोकांसाठी असतं.
पुढच्या डाव्या चाकावर बघितलं तर रेघा तुटल्या होत्या. सहापैकी चार नटांवर. नटावरचा तुकडा एकीकडे, चाकावरचा दुसरीकडे. पांढऱ्या पण, पिवळ्या पण.
मागे दोन गाड्या रांगेत होत्या. पंपवाला पुढे घ्या म्हणत होता. पाना सामानाच्या तळाशी, बाबांसाठी घेतलेल्या चादरीखाली. रंगाच्या बाटल्या दारातच होत्या. रेघा परत मारल्या. आता जुळतात.

सकाळी ११.४०
रस्त्याच्या कडेला. दोनशे तीस किलोमीटर.
एक चाक माझ्या पुढून गेलं. मोठ्या दिमाखात, सरळ रेषेत. मनात आलं, कोणाचं तरी चाक निघालं बिचाऱ्याचं. मग गाडी डावीकडे बसली.
चाक एका रोपवाटिकेच्या कुंपणातून आत गेलं आणि कुंड्यांमध्ये जाऊन पडलं. कोणाला लागलं नाही. रोपवाटिकेच्या बाई बाहेर आल्या. चाक बघितलं, मला बघितलं. म्हणाल्या, तुमचं? म्हटलं हो. म्हणाल्या, पाणी हवंय का? माझे हात थरथरत होते. स्टेअरिंगची सवय लागली असेल.
बाकी काही वाटत नाहीये. वाटायला हवं असं वाटतंय.

दुपारी १२.३०
मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, फोटो पाठव. पाठवले. पाच मिनिटांनी त्यांचा फोन. म्हणाले, पिवळी कोणी मारली? म्हटलं मी. म्हणाले, आणि पांढरी? म्हटलं मीच. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, तुला लागलं नाही ना? म्हटलं नाही.
मग ओरडले. शिव्या इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, गाडी टाक तिथेच, मी टोइंग व्हॅन घेऊन येतो, तू बस पकड आणि बापाकडे जा.

दुपारी २
बसथांबा पुढेच आहे, पन्नास पावलांवर. रोपवाटिकेच्या बाईंनी सांगितलं, आपल्या गावाकडे जाणाऱ्या बस तासाला एक. उद्या सकाळपर्यंत पोचवतात.
दीडची आली. थांबली. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं. अशी तीन चाकांवर सोडून जायची म्हणजे. पॉलिश कालच केलंय.

दुपारी ३
अडीचची पण गेली. बाई म्हणाल्या, अहो जा ना, मी बघते गाडी. म्हटलं पुढच्या बसने. खरं म्हणजे काय घेऊन जाऊ? शेजाऱ्यांनी जागा मोकळी करून ठेवलीय. त्या मोकळ्या जागेत पिशवी घेऊन उभा राहू?

दुपारी ४.२०
साडेतीनची भरलेली होती. म्हणजे दोन सीट मोकळ्या दिसल्या, पण खिडकीची नव्हती.

संध्याकाळी ६
मिस्त्री आले. मला बघून म्हणाले, तू अजून इथे? मी म्हटलं गाडीजवळ कोणीतरी पाहिजे. त्यांनी गाडी व्हॅनवर चढवली, मला शेजारी बसवलं. वाटेत कुठल्या तरी वळणावर म्हणाले, शनिवारी हाक मारली होती मी. म्हटलं ऐकू आली होती.

२४ मार्च
ऑपरेशन नीट झालं. ताईचा मेसेज. मी लिहिलं, रस्त्यात आहे. वर्कशॉप रस्त्यावरच आहे. तिने विचारलं, उद्या दहापर्यंत? लिहिलं, प्रयत्न चालू. मग तिनेच लिहिलं, नाही जमलं तर व्हिडिओ कॉल करते, पट्टी काढल्या काढल्या फोन डोळ्यासमोर धरीन, त्यांना कळणार पण नाही तू लांब आहेस.
चांगली कल्पना. बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं. ठराव : उद्या दाढी करायची, नवा शर्ट, दहाला पाच कमी असताना तयार.

२५ मार्च, सकाळी ९
दाढी केली. नवा शर्ट घातला. रजा होती, पण मालक म्हणाले आलायसच तर एक गाडी धुऊन घे. अर्ध्या तासाचं काम.

सकाळी १०.१५
दहाला फोन वाजला. समोरच्या बाकावर ठेवला होता. हात साबणाचे होते. शर्ट भिजला होता. मागे गाडी तीन चाकांवर, चौथ्या ठिकाणी जॅक. कुठल्याही कोनातून ती दिसणारच. वेल्डरकाका म्हणाले, उचल. म्हटलं हात धुतो. धुतले. वाजतच होता. पुसायला कपडा शोधला. कपडा होता. मग वाजायचा थांबला.

दुपारी १
मीच लावला. ताईने उचलून सरळ बाबांना दिला. म्हटलं, बाबा, नेटवर्क नव्हतं. म्हणाले, असू दे, असू दे. आवाज आनंदी होता. म्हटलं, दिसतंय का? म्हणाले, झकास. भिंतीवरची पाल दिसते, पालीची बोटं दिसतात. म्हटलं, आधी काय दिसलं?
म्हणाले, फोन. ताईने डोळ्यासमोर धरला होता ना. वर लिहिलं होतं ‘धाकटा’, खाली बारीक अक्षरात ‘रिंग होत आहे’. डॉक्टरांनी विचारलं, बाबा, वाचता येतंय का. मग मी दोन्ही मोठ्याने वाचून दाखवलं. बराच वेळ होतं ते. डॉक्टर म्हणाले, नजर एकदम चांगली आहे.