काकांचा हातगुण

अप्पा, मी पुण्याची नोकरी सोडली. बावीस वर्षं केली आणि गेल्या उन्हाळ्यात सोडली. तुम्ही असता तर काही बोलला नसता, चष्मा काढून उपरण्याने पुसत बसला असता. सिरसाळ्याचं आपलं कापड दुकान तुमच्यामागे दुसऱ्याकडे गेलं, पण शेत मी विकू दिलं नव्हतं. तिथे आता तुती लावली आहे आणि विहिरीच्या अंगाला पत्र्याची लांब शेड उभी केली आहे. रेशमाच्या अळ्या पाळते. तुतीच्या फांद्या तोडायच्या, मांडणीवर अंथरायच्या; अळ्या खातात, कात टाकतात, पुन्हा खातात. शेवटच्या आठवड्यात तर एवढ्या खातात की शेडमध्ये उभं राहिलं की कुणी वाळल्या कडब्यावरून चालत असल्यासारखा आवाज येत राहतो. मला त्या आवाजात बसायला आवडायचं. कालपासून पुढच्या मांडणीवर तो आवाज नाही.

माझं काम काय होतं हे मला तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. तुम्ही लोकांना सांगायचा, "कंप्युटर दुरुस्त करती." तसंच म्हणा. कुठल्या तरी बँकेची यंत्रणा बंद पडली की ती का पडली हे मी शोधायची. त्याआधी काय बदललं, शेवटचा हात कुणाचा लागला, हे एका पानावर मांडायची. चूक माझ्या साहेबाची असली तरी मांडायची, आणि साहेब ते वाचून खाली सही करायचा. मला त्यासाठीच ठेवलं होतं. पण बावीस वर्षं मोडलेलंच बघितलं, अप्पा. काहीतरी वाढताना बघावं असं वाटायला लागलं होतं.

ही माझी पहिली बॅच. अळ्या आणल्या त्या आठवड्यात तुमचे मित्र आले, वरच्या शिवारातले काका. तुम्हाला आठवतं, आपल्या पेरणीची पहिली मूठ त्यांच्याच हातून पडायची. त्यांचा हातगुण चांगला, असं तुम्ही म्हणायचा. गावात अजूनही त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, फक्त आता त्यात पूर्वीपेक्षा भीती जास्त आहे. "अळ्या मोठ्या झाल्या की सांग, एक घास माझ्या हातचा घालतो," असं ते म्हणाले, आणि परवा मी सांगितलं. ते तळहातावर तंबाखू मळतच आले. "पोरी, कंपनी सोडून किडे चारायलीस व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, किडे नाहीत काका, अळ्या. "तेच की. तुझा बाप धोतरं इकत हुता, तू रेशीम इकणार. म्हंजी घराणं वर चढलं." आम्ही दोघं हसलो. शेडच्या दारावर मी पाटी लावली आहे, तंबाखू खाणाऱ्यांनी आत येऊ नये अशी. अळीला तंबाखू विष आहे, नुसता हात लागलेलं पानही पुरतं. प्रशिक्षणात हे पहिल्या दिवशी सांगतात. काकांनी पाटी मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "हे गड्यांसाठी ना?"

मी म्हणाले, हो काका, गड्यांसाठी.

असं का म्हणाले हे मला माहीत आहे. मी बारा वर्षांची आहे, बाजारचा दिवस आहे, मी दुकानात तुमच्या शेजारी बसले आहे. एक म्हातारा चुन्या-तंबाखूच्या बोटांनी पांढऱ्या धोतराचं पान चाचपतो आहे, आणि मी म्हणते, "आधी हात धुवून या की." तुम्ही सगळ्यांदेखत मला उठवलंत. "दारात आलेल्या मानसाचे हात बघायचे न्हाईत. त्या हातांनी पेरलं म्हणून तू खातीस." म्हाताऱ्याने ते धोतर घेतलंच नाही. डाग पडलेलं ते पान पुढे दोन वर्षं तुम्हीच घरात नेसलात. तुम्ही मला नंतर जवळ घेतलंत का, ते आठवत नाही. डाग आठवतो, गुडघ्याच्या जरा वर.

काकांनी पुढच्या मांडणीवर मूठमूठ पाला पसरला, अळ्यांवरून हात फिरवला, पुटपुटत काहीतरी चांगलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या अळ्या मान वर करून डुलत होत्या. मग तोंडातून हिरवं पाणी आलं आणि एकेक कुशीवर पडली. मागच्या मांडण्या धडधाकट आहेत. बांधाकडच्या खिडकीजवळच्या मांडणीवरच्या अळ्या तर सगळ्यात चांगल्या खातात. पुण्यात मला यावर एक पान लिहायला दहा मिनिटं लागली नसती.

काका आज सकाळी पुन्हा आले. मेलेल्या अळ्या बघून त्यांचा चेहरा उतरला. "कावून गं? कुणी काय केलं?" मी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग खिडकीकडे बघून मी म्हणाले, परवा बांधापलीकडे कापसाला फवारा चालू होता. मी नाव घेतलं नाही. ते घ्यावंच लागलं नाही. पलीकडचं शेत काकांच्याच भावाचं आहे, आणि एक माणूस ते बटईने करतो. वारा त्या दिवशी आपल्याकडून त्याच्याकडे वाहत होता, हे मी सांगितलं नाही. काकांनी खिडकीतून बांधापलीकडे बघितलं. "बरं. मी बघतो. तू आपली पोरगी हायेस," एवढंच म्हणाले. तुमच्यासारखाच डोक्यावर हात ठेवला.

अकराच्या सुमाराला त्या माणसाची बायको आली. पायांत चप्पल नव्हती. "ताई, काकांनी ह्यांना चार वाजता गोदामावर बोलावलंय. कशापाई, तुमाला काय ठावं हाय का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आमचं काय चुकलं असंल तर तुमी सांगा, तुमी शिकलेल्या हात." मी तिला चहा विचारला. तिने घेतला नाही. मागच्या वर्षी काकांनी असंच एकाला आपल्या गोदामावर बोलावलं होतं. तो घरी आला, पण कुणाला काही बोलला नाही, आणि आठवड्याच्या आत बायकापोरं घेऊन ऊसतोडीला निघून गेला. त्याचं शेत आता काकांचा मेहुणा करतो. ही गोष्ट मी इथे आल्यावर चहाच्या टपरीवर ऐकली होती आणि इतरांसारखी मान हलवली होती.

तुम्ही तो डाग स्वतः नेसलात. मी माझा दुसऱ्याच्या अंगावर टाकला.

खिडकीतून मला त्याची मोटरसायकल जाताना दिसली. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, लग्नाला निघाल्यासारखा. बायको बांधावर उभी राहिली, मग खाली बसली. आता सव्वाचार झालेत, आणि ती अजून तिथेच आहे. काकांचा नंबर माझ्याकडे आहे. एक वाक्य पुरेल, आणि ते ऐकून ते माझ्या डोक्यावर पुन्हा कधी हात ठेवणार नाहीत, कदाचित हे शेतही मला करू देणार नाहीत.

अप्पा, तुमची आठवण आली म्हणून मी तीन वाजता लिहायला बसले नव्हते. लिहीत राहिलं की चार वाजून जातील, म्हणून बसले.