खांबाची सावली

३ जानेवारी
सिन-यीच्या डोळ्यांचा प्रश्न आज मी कायमचा निकालात काढला. तेरा वर्षांची माझी पोर, आणि दर तपासणीला नंबर वाढलेला. सिंहनाचात उंच खांबांवर उड्या मारायच्या, आणि सिंहाच्या मुखवट्याखाली चष्मा टिकत नाही. म्हणून डोळ्यात बसवायच्या, नंबरला लगाम घालणाऱ्या लेन्स. मधल्या भागातून बघायचं, बाहेरची वर्तुळं नंबर रोखतात.
डोळे तपासणाऱ्या नोराइनीबाई खूप बोलतात. सुरुवातीला सावल्या दिसतील, दिव्यांभोवती वलयं दिसतील. आठवड्यात गेलं नाही तर परत या, दुसऱ्या प्रकारच्या देऊ. तोवर खांबांवर चढवू नका.
सारांश : आठवड्यात जातं.
चिनी नववर्षाच्या खेळात सिंहाचं डोकं सिन-यीकडे. मलेशियात, आमच्या मूआरमध्ये, मुलीला हा मान सहजासहजी मिळत नाही. संकल्प : मी रोज प्रॅक्टिसला हजर राहायचं.

७ जानेवारी
संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणे. मोबाईल, दुसरं काय? काढून घेतला.

८ जानेवारी
वाळू आहेच. मग जेवणातली मिरची असणार. बायकोला, मेई फोंगला, मिरची कमी करायला सांगितलं. जेवण अळणी.

१४ जानेवारी
आज खांबांवर प्रॅक्टिस. आठवडा झाला, म्हणजे सवय झालीच.
उतरल्यावर सिन-यी जवळ आली. म्हणाली, "पप्पा, अंधारून आलं की एका खांबाचे दोन दिसतात. एक खरा, एक सावली. पाय कशावर टाकू?"
मी म्हणालो, "जो ठळक दिसतो त्यावर."
मला वाटतं, उत्तम उत्तर दिलं. सिंहनाच शिकवणाऱ्या वस्तादांना मात्र यातलं काही बोललो नाही. उगाच माणसाच्या मनात शंका कशाला?

१९ जानेवारी
नोराइनीबाईंचा फोन. कसं चाललंय? म्हटलं, झकास. दिसतं कसं? झकास. तिच्याशीच बोलते म्हणाल्या. क्लासला गेली आहे, म्हटलं. सिन-यी समोरच बसली होती.
दुकानात सणाची गर्दी, सोफे पोचवायचे आहेत. क्लिनिक सणानंतर बघू.

२५ जानेवारी
सिन-यीची तक्रार बंद! सावलीचं नावही नाही. म्हटलं नव्हतं?
एक गोष्ट फक्त विचित्र. उडीआधी ती पायाने पुढची हवा चाचपते, आंधळी माणसं पायरी चाचपतात तशी. तिच्यामागे सिंहाची शेपूट होणारी जिया हुई तिला कमरेला धरून हळूच काहीतरी सांगते. बहुधा स्टाईल असावी. विचारलं तर दोघी ढोलाकडे पळाल्या.

२ फेब्रुवारी
खेळ सकाळी ठरला होता. मी देणगी देऊन संध्याकाळी घेतला. दिव्यांत सिंह काय देखणा दिसेल!
वस्ताद म्हणाले, पोरींना विचारलंत? म्हटलं, पोरी खूश आहेत.
मेई फोंग म्हणाली, "तिला एकदा तरी विचारा हो. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटता, तिला विचारत नाही."
सणाआधी बायका हळव्या होतात.

११ फेब्रुवारी
ढोल जोरात. दिवे माझ्या देणगीचे, झगझगीत. सिंह वर चढला. तिसऱ्या उडीला थांबला. पाय पुढे, मागे, पुन्हा पुढे. लोक हसले, त्यांना वाटलं सिंह नखरे करतोय. मीही हसलो.
मग पाय पडला तिथे काहीच नव्हतं.

१२ फेब्रुवारी
सिन-यी गादीवर पडली, खरचटण्यावर निभावलं. तिला सावरायला जाऊन जिया हुईचा हात खांबावर आपटला. मोडला. प्लॅस्टर.
गाद्या जाड हव्या होत्या. वस्तादांना सांगणार होतो. ते जिया हुईच्या खोलीत निघून गेले.
हॉस्पिटलच्या बाकावर मी सिन-यीला विचारलं, "मला पुन्हा सांगायचंस ना?"
ती म्हणाली, "सांगितलं की तुम्ही सगळं ठीक आहे म्हणायचात. मग मी जिया हुईलाच सांगायला लागले. ती मागून खांब कुठे आहे ते सांगायची."

१५ फेब्रुवारी
नोराइनीबाईंनी लेन्स बदलल्या. दुसरा प्रकार. नंबर यांनीही रोखला जातो. तिला अंधाऱ्या खोलीत नेऊन दिवा दाखवला, एकच दिसला. चहा निवायच्या आत काम झालं. जाताना लेन्सच्या सगळ्या सूचना मेई फोंगला दिल्या.

६ मार्च
सिन-यी पुन्हा खांबांवर. तिनेच ठरवलं. एकच अट : प्रॅक्टिसला पप्पा नकोत. ढोलाच्या आवाजाचा मला त्रास नको म्हणून असेल.
गाडीत बसलो. प्रॅक्टिसच्या हॉलचं दार बंद. ढोल ऐकू येत होता. मध्येच थांबला. काच खाली करून कान दिला. कुणी हसलं, की ओरडलं, बाहेरून कळेना.
बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.
ठीकच असणार.